शेवटचा मणी कोणता?

वहिनी,

रविवारी तुमच्या वर्गाची मुलं यायची आहेत आणि मी सकाळपासून तुमच्या जेवणाच्या टेबलाशी मणी या बोळक्यातून त्या बोळक्यात करतो आहे. आधी रंगांप्रमाणे लावले. मग वाटलं, लहान मुलांना रंगाआधी आकार कळतो, म्हणून आकाराप्रमाणे लावायला घेतले. अर्ध्यावर लक्षात आलं की आकार सगळ्यांचा एकच आहे. परत रंग. दादा समोरच्या खुर्चीत पेपर उघडून बसलाय. वाचत नाहीये, कारण मघापासून पान उलटलेलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "अरे, एका जागी बस की जरा. बाळंतिणीच्या दारातल्या बापासारखा फिरतोयस."

मी बसलो. बसल्यावर समोर ती पालथी वाटी दिसली. म्हणून परत उठलो.

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असं तिथले लोक मला सांगून गेलेत. जन्म, शिक्षण, समाजकार्य आणि शेवटी 'मनमिळाऊ स्वभाव'. वहिनी, तुम्हाला मनमिळाऊ म्हणणाऱ्यांनी तुमच्याबरोबर बडाबाजारात मणी घेतलेले नाहीत. एका दुकानदारानं रंग उडालेले मणी पुडीत तळाशी घातले होते. तुम्ही ती पुडी त्याच्याच काउंटरवर पालथी केलीत, खराब मणी एकेक करून त्याच्यासमोर मांडलेत आणि विचारलंत, "हे तुमच्या मुलीच्या गळ्यात घालाल का?" तो बिचारा म्हणाला, "बौदी," म्हणजे वहिनीच, "मला मुलगी नाही." तुम्ही म्हणालात, "मग बायकोला विचारा." त्या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या कालीमातेचं फार बारकाईनं दर्शन घेत होतो. तेव्हा जन्म, शिक्षण कुणीतरी दुसरं लिहील. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. मला ते पुरं करायचंय, आणि ते तुमच्याशिवाय करणं मला जमत नाहीये.

भांडणाचा विषय त्या वाटीखाली आहे.

त्या गुरुवारी तुम्ही मुलांसाठी नमुना करायला बसला होतात. नायलॉनच्या तंगुसाची दोन्ही टोकं सैल गाठीत अडकवलीत, "चहा टाकते" म्हणालात, उठलात, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच पोचलात. पुढचं सगळं आटपून आम्ही घरी आलो तेव्हा दादानं चपला काढायच्या आधी ते टेबलावरचं काम पाहिलं. आत गेला, स्टीलची एक वाटी आणली आणि त्यावर पालथी घातली. कामवाल्या बाईचा फडका लागू नये म्हणून. तेरावा होऊन गेला, पाहुणे आले तसे गेले, त्या टेबलावर ताटं मांडली गेली आणि उचलली गेली. परवापर्यंत वाटी जागची हललेली नव्हती. आम्ही तिच्याभोवतीनं जेवतो.

आणि आता रविवार आलाय. तुमचा वर्ग मी घेणार आहे. हसा.

तुम्ही वर्ग कसा सुरू करायचात, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मुलं सतरंजीवर गोल करून बसली की तुम्ही नमुना मध्ये ठेवायचात. कधी फूल, कधी फुलपाखरू. मुलांचं "आई गं" आणि "की शुंदोर" म्हणून झालं की तुम्ही पुढे वाकून, काहीतरी गुपित सांगावं तशा विचारायचात, "सांगा पाहू, यातला शेवटचा मणी कोणता?" मग सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटायची. हा का तो का. ज्यातून दोरे बाहेर आलेत तो शेवटचा, एवढं एकाला कळलं की तुम्ही त्यालाच तो मणी काढायला लावायचात. मग त्याच्या आधीचा. मग त्याच्याही आधीचा. आख्खा नमुना, तुमचं दोन-दोन दुपारींचं काम, त्या गोलात हातोहात सुटत जायचं, आणि शेवटी सतरंजीवर मण्यांचा ढीग आणि एक वाकडंतिकडं तंगूस. "झालं?" तुम्ही म्हणायचात. "आता आलात त्या वाटेनं परत जा."

आणि मुलं जायची. मला पहिल्यांदा चमत्कारच वाटला होता.

तरी मी भांडलोच. मी तेलाच्या डेपोत सुरक्षा अधिकारी. माझी सगळी हयात फलक लावण्यात गेलेली. समोर काही टांगलेलं नसेल तर माणूस काम कसं करणार, हे मला उमगतच नाही. मी म्हणायचो, "अहो वहिनी, नमुना समोर नको का? मुलं बघून काय करणार?"

"बघून करायचंच नाही, भावजी. आठवून करायचं."

"चुकतील."

"चुकू देत. तयार वस्तू समोर असली की मूल आपल्या हातातल्याला नावं ठेवतं. समोर नसली की हातातलंच सुंदर."

"पण एखादा तरी नमुना ठेवा. काचेच्या कपाटात. एवढं सुंदर काम—"

"घर आहे हो हे, म्युझियम नाही." आणि हे कोण म्हणतंय, तर जिनं श्रीखंडाचा एक डबा आयुष्यात टाकला नाही ती बाई! मिष्टी दोईची मातीची बोळकी तर माळ्यावर इतकी, की त्यांच्या आधारानं वरचा मजला उभा असावा. मुलांचे मणी ठेवायला बोळक्यासारखं दुसरं काही नाही, असं तुमचं मत. जड असतं, लवंडत नाही. नवी मुलं वाढली की घराला दही खावं लागायचं. दादाला साखर वर्ज्य, म्हणून ती जबाबदारी दर वेळी माझ्यावर. माझ्या पोटाच्या घेराला मणीकाम कारणीभूत आहे, हे मी डॉक्टरांना सांगून पाहिलं. त्यांनी ते कागदावर घेतलं नाही.

या वेळचा वर्ग अगदी नवशिक्यांचा. सगळी सात-आठ वर्षांची, कुणी कधी मणी हातात न धरलेली. म्हणून काय करायचं यावर तुमचा-माझा दोन-तीन रविवार खल चालला होता. तुम्ही म्हणालात, सुई नको. या वयाला सुई दिली की निम्मा वेळ दोरा ओवण्यात आणि उरलेला बोट चोखण्यात जातो. तंगूस आपलं आपण ताठ असतं, त्यालाच मणी चढतात. "तंगूस तेवढं तुम्ही आणा."

मी आणलं. बडाबाजारापर्यंत कशाला जायचं म्हणून आमच्या बजबजलाच, डेपोजवळच्या गंगेकाठच्या एका दुकानातून. दुकानदारानं विचारलं होतं, "कतो बडो?" केवढा मोठा? मला वाटलं, वर्ग केवढा मोठा असं विचारतोय. म्हटलं, बराच मोठा. घरी आल्यावर तुम्ही ते रीळ हातात घेतलंत, उजेडाशी धरलंत आणि मग पदर तोंडाला लावून अशा हसलात की शेजारच्या मंजूदी दार उघडून बघायला आल्या.

"भावजी, यानं हातभर कातला मासा निघेल!"

"तंगूस ते तंगूसच ना?"

"अहो, प्रत्येक मण्यातून ते दोनदा जायला हवं. एका बाजूनं एक टोक, दुसऱ्या बाजूनं दुसरं. तुमचं हे एकदासुद्धा शिरत नाही. बघा!"

मी म्हटलं बदलून आणतो. तुम्ही रीळ हातात फिरवत राहिलात. मग म्हणालात, "नको. दोरा जाड तर मणी मोठे घेऊ. लहान बोटांना मोठे मणीच बरे. आणि मासे धरायचं आणलंच आहेत, तर मासाच करू."

तर वहिनी, हा मासा माझ्या चुकीतून जन्मलेला. आणि तरीही मी त्याच्या विरोधात उभा राहिलो.

मला कोयरी हवी होती. मी म्हटलं, ही मराठी मुलं आहेत. त्यांना घरात मराठी धड ऐकू येत नाही. त्यांच्या हातून काहीतरी आपलं होऊ दे. आजीच्या पैठणीवरची कोयरी, रांगोळीतली कोयरी. मासा काय, इथे गल्लोगल्ली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "माझा जन्म इथलाच, भवानीपूरचा, भावजी. मी आपली नाही का?" हे पटलं, तरी मी मुद्दा सोडला नाही. तुम्ही आणखी सांगितलंत की मुलाला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करावी. इथलं प्रत्येक मूल बाबांचा हात धरून मासळीबाजारात गेलेलं असतं, कोयरी त्यांनी बघितलीय ती फक्त आईच्या कपाटात, तीही इस्त्रीच्या घडीत. मी म्हणालो, म्हणूनच. तुम्ही म्हणालात, म्हणूनच तर. असे आपण दोघं "म्हणूनच" म्हणत भांडत राहिलो, आणि दादा टीव्हीचा आवाज वाढवत राहिला.

माझं म्हणणं पटवायला मी एक कोयरी करूनही दाखवली. मंजूदींनी ती हातात घेऊन अतिशय मायेनं विचारलं, "किडनी?"

आणि मग तो गुरुवार.

परवा मी दादाला विचारून वाटी उचलली. खाली तुमचं काम. एक मणी, मग दोन, मग तीन, चार, आणि परत उतरत उतरत एक. नारिंगी, मध्ये पांढऱ्याची रेघ. मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळतं. दोन्ही टोकं लांब सोडलेली. मी ते उलटसुलट करून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. वहिनी, पुढे शेपटी ओवली असतीत तर तो मासा. तसं न करता एक टोक ओढून आवळलं असतंत, तर टोक वळून त्याची कोयरी. तुम्ही बरोबर तिथेच चहा टाकायला उठलात.

मी दादाला म्हटलं, "मासाच असणार. वहिनी कधी माझं ऐकायच्या?"

दादा म्हणाला, "कोयरी आहे. आदल्या दिवशी मला म्हणाली होती, भावजी एवढं म्हणतायत तर."

"खरंच म्हणाल्या?"

"म्हणाली असेल."

तुमच्या नवऱ्याची साक्ष ही अशी. मी ते बशीत ठेवून वाटी परत पालथी घातली आणि म्हटलं, "ठीक. रविवारी मुलांपुढे ठेवतो, काय आहे ते त्यांनाच विचारतो, आणि मग नेहमीसारखं सोडवायला—"

"सोडवायचं नाही."

मी चष्मा काढून परत घातला.

"फ्रेमवाल्याला सांगून आलोय," दादा म्हणाला. "निळं मखमल लावून देतो म्हणाला. फोटोशेजारी लावायचं."

"दादा, वहिनींचा नियम होता—"

"मला शिकवू नकोस तिचे नियम. सगळा जन्म मी ते पाळले. तुला मुलांपुढे काहीतरी सोडवायचंच ना? बाजारातून आण आणि सोडव. नाहीतर तुझ्या हातचं सोडव. त्याला कष्टही नाहीत, ते आपलं आपण सुटतं."

मी उठून गॅलरीत गेलो, परत आलो, पाणी प्यालो, परत गॅलरीत गेलो. गंमत बघा. काचेच्या कपाटासाठी इतकी वर्षं तुमच्याशी मी भांडलो, आणि आता तुमची बाजू घेऊन दादाशी भांडतोय. आणि भांडताना मनातून वाटतंय की दादाच जिंकावा. कारण ते सोडवलं, की मग या घरात तुम्ही अर्धवट टाकून गेलेलं काहीच उरणार नाही. वर्ग रद्द करावा, असंही एकदा मनात आलं. मंडळाला कळवायचं, घरात सुतक होतं, पुढे बघू. फोन हातात घेतलासुद्धा. पण त्यात तुमचा शेवटचा निरोप वरच होता: "भावजी, पंच्याचे तुकडे कापून ठेवलेत. ताटात मणी उड्या मारतात, कापडावर बसून राहतात. विसरू नका." फोन ठेवला. पंच्याचे तुकडे काढून इस्त्री केले. पंच्याला इस्त्री! मुलं येईपर्यंत मी बोळक्यांनासुद्धा इस्त्री करेन.

योजना तशी तयार आहे. प्रत्येक मुलाला त्याच्या त्याच्या वावेएवढं तंगूस. दोन्ही हात पसरून मोजायचं, म्हणजे कुणाला लांब पडत नाही आणि गुंतत नाही. रंग तीनच, जास्त दिले की मुलं निवडतच बसतात. डोळ्याला काळा मणी सगळ्यात शेवटी, नाहीतर डोळ्याच्या घाईत अंग बिघडतं. हे सगळं तुमचं. माझी भर एकच होती, सुरक्षेच्या सूचना, पण त्या मी या वेळी वाचणार नाही. मागे एकदा वाचल्या होत्या. "मणी नाकात किंवा कानात घालू नयेत." ज्या मुलाच्या सात पिढ्यांत ही कल्पना कुणाला सुचली नव्हती, त्यानं लगेच घातला. तुम्ही त्याच्या नाकाशी मिरपूड धरलीत, तो शिंकला, मणी कपाटाखाली गेला, आणि सगळी मुलं पालथी पडून शोधायला लागली. सापडल्यावर तुम्ही तो गरम पाण्यानं धुतलात आणि परत बोळक्यात टाकलात. माझा चेहरा बघून म्हणालात, "मण्याचा काय दोष?"

तुमचं सगळंच असं. एकदा माझ्या हातून सियालदहच्या गाडीत मण्यांची पिशवी फाटली. आख्ख्या डब्यात मणी. लोक बाकांखाली वाकले. चटकलातला, म्हणजे तागाच्या गिरणीतला, एक कामगार गमछा पसरून वेचायला बसला, एक कॉलेजातली मुलगी चपलेच्या खाचेतले काढून देत होती, आणि "दादा, आपनार पुंती!", हे तुमचे मणी, म्हणून पार टोकापासून ओंजळी येत राहिल्या. मी तुमच्याकडे पोचलो तो घामाघूम आणि ओशाळलेला. वाटलं, विचाराल किती गेले. तुम्ही विचारलंत, "कोण कोण वेचायला वाकलं?" आणि मी एकेक माणूस सांगत गेलो. त्या कामगाराच्या गमछ्याचा रंगसुद्धा तुम्हाला हवा होता.

हे लिहितोय तोवर दादा उठून माझ्यामागे येऊन उभा राहिलाय.

"झाले का निवडून?" तो विचारतोय.

"होतायत."

"निवड, निवड. तुझ्या नशिबातच ते आहे." आणि मग सहज, पेपरातली बातमी सांगावी तसा म्हणाला, "तू बदली होऊन आलास त्या वर्षी ती दर रविवारी, तू गाडीला गेलास की सगळे परत ताटात ओतायची."

"काय ओतायची?"

"मणी. तू निवडलेले."

वहिनी, इथे मी लिहायचा थांबलो होतो.

ते वर्ष मला आठवतं. बायको आणि लेक नाशिकला राहिल्या, लेकीची दहावी होती. मी बजबजच्या क्वार्टरमध्ये एकटा. रविवारी तुमच्याकडे यायचो आणि या खोलीतून त्या खोलीत फिरायचो, फोन बघायचो, खिडकी उघडायचो, लावायचो. तुम्ही एकदा माझ्यापुढे मिसळलेल्या मण्यांचं ताट सरकवलंत. "भावजी, एवढे निवडून द्याल? तांदळासारखे. माझे डोळे चालत नाहीत." मी बसलो. दुपार गेली आणि मला कळलीसुद्धा नाही. पुढच्या रविवारी परत ताट, परत मिसळलेलं. मी मनात म्हणायचो, काय गबाळी बाई आहे, आठवड्यात सगळा खिचडा करते. वर्षभर मी तुम्हाला गबाळी समजत राहिलो. एकदा बोलूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, "हो ना, वळणच नाही मला."

तुमचे डोळे तर उत्तम होते. खराब मणी तुम्हाला दुकानाच्या दारातून दिसायचा.

मी दादाकडे वळून म्हटलं, "हे मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस?"

"सांगू नको म्हणाली होती." मग त्यानं वाटीकडे पाहिलं, आणि आत निघून गेला. फ्रेमचं काही ठरलं नाही.

*

रविवार, संध्याकाळ.

मुलं आली. तुम्ही असतात तर आधी त्यांना हात धुवायला पाठवलं असतंत. मी विसरलो, आणि मग मध्येच आठवून सगळ्यांना रांगेनं न्हाणीत नेलं, त्यात एकाची चड्डी भिजली. आया माझ्याकडे ज्या करुणेनं बघत होत्या, तिनं वर्गाची सुरुवात झाली. दादाच्या खोलीचं दार बंद. सकाळीच म्हणाला होता, मी आत पडतो, मला बोलवू नकोस. आणि टेबलावर वाटी नव्हती. बशीसकट नव्हती. मी समजलो. फ्रेमवाल्याकडे गेली असणार. खरं सांगू? वाईट वाटलं आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही.

मी खिशातून माझी किडनी काढली आणि सतरंजीच्या मध्ये ठेवली. "सांगा पाहू," मी म्हटलं, "यातला—"

"काका, हे काय आहे?" रिमीनं विचारलं. तिची आई आपली, बाबा इथले.

"ते... आपण ठरवू."

तेवढ्यात दार उघडलं. दादा बाहेर आला. धुतलेला झब्बा, भांग पाडलेला. हातात बशी, बशीवर पालथी वाटी. सतरंजीपाशी आला आणि खाली बसायला लागला. तुम्हाला त्याचे गुडघे माहीत आहेत. मी हात द्यायला उठलो तर म्हणाला, "राहू दे," आणि कपाटाला धरून, कण्हत, बसला. माझी किडनी बाजूला सारली आणि वाटी उचलली.

"फिश!" रिमी म्हणाली.

"कैरी आहे ती," सई म्हणाली. ही फोर्ट विल्यमची, वडील फौजेत, साताऱ्याकडची.

"फिश. आजीनं लेज बनवली नाही अजून. लेज म्हणजे... शेपूट."

"कैरीला शेपूट नसतं."

"म्हणून तर फिश!"

वहिनी, तंतोतंत आपण दोघं. "म्हणून तर"सकट. मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ते ठरायचं राहिलं बाळांनो." मग त्यानं खाकरून घसा साफ केला. दोनदा केला. आणि तुम्ही वाकायचात तसा, जमेल तेवढा, पुढे वाकून म्हणाला, "सांगा. यातला शेवटचा मणी कोणता?"

डोकी एकत्र आली. हा, तो, नाही हा. मग सईनं बोट ठेवलं. "हा. याच्यातनं दोन्हीकडनं दोरा आलाय."

"शाबास," दादा म्हणाला. तुमची ती सैल गाठ त्यानं नखानं सोडवली. एक टोक ओढलं, मग दुसरं. नारिंगी मणी त्याच्या तळहातावर पडला, आणि त्यानं मूठ मिटली.

त्यानं ती उघडलीच नाही. मुलं थांबली. मी थांबलो. मला वाटलं, आता हा उठून आत जाणार, आणि जाऊ दे, जावं त्यानं, मी पुढचं बघेन. दादा मुठीकडे बघत होता. तो मणी ओवून तुम्ही चहा टाकायला उठला होतात, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"आजोबा," रिमी म्हणाली, "द्या ना. आता माझी पाळी."

दादानं मूठ उघडली आणि मणी तिच्या बोळक्यात टाकला. टक्कन आवाज झाला.

मग काय, तुमच्या वर्गात होतं तेच. हातोहात सगळं सुटलं. दोन, तीन, चार, आणि उतरत उतरत एक. शेवटी ते तंगूस राहिलं, प्रत्येक मण्याच्या वळणाची आठवण धरलेलं, वाकडं. "झालं?" दादा म्हणाला. "आता आलात त्या वाटेनं परत जा."

मी मात्र त्या नारिंगी मण्यावर नजर ठेवून होतो. नजर ठेवणं हा माझा धंदाच. रिमीच्या बोळक्यात आहे, ठीक. मग रिमीनं दोन नारिंगी सईला दिले आणि पांढरे घेतले. सईनं त्यातला एक कुणाला तरी उसना दिला. कुणाचं तरी बोळकं लवंडलं (जड असतं, लवंडत नाही!), सगळ्यांचे मणी सगळ्यांकडे गेले, आणि मला कळेना. मी ज्याच्या त्याच्या कामावर वाकून बघत होतो. मुलांना वाटलं, काका फार मन लावून शिकवतायत.

शेवटी मासे झाले, कोयऱ्या झाल्या, एक विमानही झालं. एका मुलाचं माझ्यासारखंच काहीतरी झालं, त्याला मी दोनदा शाबासकी दिली. सगळ्यांनी आपापलं घरी नेलं. तो मणी त्यातल्याच एकात आहे. सईच्या वडिलांची बदली आलीय म्हणे. तिच्या माशात असेल तर (शेवटी तिनं मासाच केला) आता कुठल्या कुठे जाईल.

मुलं गेल्यावर मी कॉटखाली वाकून झाडू फिरवत होतो. दादानं विचारलं, "काय शोधतोयस?"

"काही नाही. सांडलेले."

"मीही बघितलं तिकडे," तो म्हणाला. "नाहीये."

मग मी उरलेले मणी निवडायला घेतले. नारिंगी इकडे, पांढरे तिकडे, काळे वेगळे. गाडीला वेळ होता. निवडून झाल्यावर बोळकी ओळीनं लावली, तुमच्यासारखी, आणि पिशवी खांद्याला लावली.

दादा उठला. स्वयंपाकघरातून मोठं ताट आणलं. माझ्यादेखत पहिलं बोळकं उचललं आणि ताटात पालथं केलं. मग दुसरं. मग तिसरं. तुम्ही निदान मी जाईपर्यंत थांबायचात; त्याला तेवढं कुठलं सुचायला. सगळं हातानं चांगलं कालवलं आणि ताट माझ्या बाजूला सरकवलं.

"हे निवडून दे. पुढच्या रविवारीही ये," तो म्हणाला. "माझे डोळे चालत नाहीत."

"गाडी..."

"पुढची मिळेल."

मी पिशवी खाली ठेवली. खुर्ची ओढली आणि बसलो.